ट्रॅक्टरचं तेल आणि आईची गाडी

आमच्या घरी यंत्राचं तेल एकच. ट्रॅक्टरसाठी आणलेला डबा गोठ्याच्या कोपऱ्यात असतो आणि त्यातलं तेल मोटरसायकलला, फाटकाच्या बिजागरीला, करकरणाऱ्या झोपाळ्याच्या कड्यांनासुद्धा जातं. डबा आबांच्या ताब्यात. आबा म्हणजे माझे थोरले चुलते. त्यामुळे अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, जुनी का होईना, पण घरातली पहिली चारचाकी उचगावात आणली आणि तिचं तेल बदलायची वेळ आली, तेव्हा कुणी विचार करत बसलं नाही. आबा डबा घेऊनच आले.

घाई होती, कारण रविवारी शिरोळला मामाच्या नव्या घराची वास्तुशांत होती. लग्न झाल्यापासून आई माहेरी एसटीनंच जात आलेली. या वेळी स्वतःच्या गाडीतून उतरायचं, हे तिनं गाडी यायच्या आधीच ठरवलं असावं. मावश्यांना फोन झाले होते. साडीही इस्त्रीहून आली होती.

अण्णांनी जुनं तेल खालून काढून घेतलं. आबांनी वरचं झाकण फिरवून काढलं आणि माझ्या हातात दिलं. मी बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला आहे, घरात कॉलेजला जाणारी पहिलीच. छापलेलं काही दिसलं की वाचायची मला सवयच लागली आहे, शॅम्पूच्या पुडीवरचंसुद्धा. झाकणावर कोरलं होतं, 5W-30. डब्यावर बघितलं तर 20W-40.

"आबा, हिला वेगळं तेल सांगितलंय. मला वाटतं, जरा पातळ."

"पातळ?" आबांनी डबा खाली ठेवला. "पातळ दूध डेअरीवाला घेत न्हाय, आन् तू इंजिनाला पातळ घालतीस व्हय?"

"तसं नाही, मला वाटतं की..."

"वाटतं म्हंजे? आगं, गुळव्याला वाटून चालत न्हाय. कळाय लागतंय!"

आबा स्वतः गुळव्या आहेत. गुऱ्हाळात कढईतला रस उकळत असतो, तो गूळ व्हायला नेमका कधी उतरवायचा, हे गुळव्या ठरवतो. घटकाभर इकडंतिकडं झालं की कढई वाया. तिथं 'वाटतं' म्हणणाऱ्याला कुणी उभं करत नाही, हे मलाही पटत होतं.

अण्णा मधल्या मधे अडकले. थोरल्या भावाला नाही म्हणता येईना, आणि पोरगी म्हणते ते खरं निघालं तर, ही धास्तीही होती. शेवटी म्हणाले, "ऱ्हाऊ दे. रविवारी एसटीनं जाऊ. तेलाचं मागनं बघू."

आई दारात उभी होती. "जाऊ की. एसटीला काय झालंय," एवढंच म्हणून आत गेली. मग स्वयंपाकघरातून भाकरी थापल्याचा आवाज गोठ्यापर्यंत येत राहिला.

माझ्या एका 'मला वाटतं'मुळं आईची गाडी हुकली होती. गप्प बसले असते तर? पण मग रिकाम्या इंजिनात ट्रॅक्टरचं तेल गेलं असतं. दोन्हीतलं काहीच बरं वाटेना.

दुसऱ्या दिवशी प्रॅक्टिकलनंतर मी सरांना भीत भीतच विचारलं. सर म्हणाले, पहिला आकडा थंडीतल्या वाहण्याचा, जितका लहान तितकं तेल गारठ्यात लवकर वाहतं. दुसरा आकडा इंजिन तापल्यावरच्या दाटपणाचा. मी ते पाठ केलं, पण आबांपुढं ते म्हणायला नुसती जीभ पुरणार नव्हती. येताना स्पेअर पार्टच्या दुकानात गेले. तिथल्या एका डब्याच्या तळाशी उरलेलं 5W-30 तेल दुकानदारानं छोट्या बाटलीत ओतून दिलं.

"गाडी न्हाय आणली, ताई?"

"नाही. आधी घरच्यांना दाखवायचंय."

"तेल दाखवायचंय?" तो हसला. "बघण्याचा कार्यक्रमच म्हणा की!"

आमच्याकडं हिवाळ्यात पहाटे चांगलंच गारठतं. दोन जुन्या ताटल्यांत दोन तेलं घेऊन मी त्या रात्रभर अंगणात झाकून ठेवल्या. सकाळी आबा चहाला आले, तेव्हा त्यांच्यापुढं दोन्ही ताटल्या एकदम तिरक्या केल्या. दुकानातलं तेल सरळ कडेला आलं. आपलं तेल निघालं खरं, पण जावयासारखं, सावकाश.

आबांनी कप खाली ठेवला. दोन्हींत बोट बुडवलं, अंगठ्यानं तार ओढून बघितली. गुऱ्हाळात पाक बघतात तसंच, डोळे बारीक करून.

"सकाळी चावी मारली की हे वर चढाय येळ लावणार," ते स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाले. "तवर आतलं कोरडंच घासणार." मग माझ्याकडं बघून, "आन् तापल्यावर? तुझं तर पाणी हुईल की!"

"दुसरा आकडा त्याचाच आहे, आबा. ही गाडी तापल्यावर तेवढंच दाट मागते."

"म्हंजे गरम पाक येगळा, गार पाक येगळा. मग असं सांगायचं की! वाटतं-वाटतं काय लावलंतंस?" आणि लगेच, "ट्रॅक्टरला पण हेच घालू काय?"

"नको, आबा! ट्रॅक्टरला त्याचंच."

"आता कसं!" म्हणाले आणि अण्णांना हाक मारली, "आरं, पोरीला घे आन् दुकानात जा. आकडा तिला इचार, मला इचारू नगंस."

रविवारी आम्ही शिरोळला पोचलो. गाडी थांबताच आबा उतरले, बॉनेट उघडलं आणि जमलेल्या पुरुषांना विचारायला लागले, "पावणं, तुमच्या गाडीचं झाकण वाचलंय काय कधी?" दोघंतिघं खरंच आपापल्या गाड्यांकडं वळले.

आई मात्र मागच्या सीटवर काच खाली करून बसलेलीच.

"उतर की आता," अण्णा म्हणाले.

"थांबा वो," आई मामाच्या घराच्या दाराकडं बघत म्हणाली, "धाकटी बहीण अजून भाईर आली न्हाय. हॉर्न द्या की जरा."