काकांना दिलेला हुद्दा

त्र्यंबक बायझंटाइन साम्राज्यावर पीएचडी करत होता. कॉन्स्टँटिनोपलच्या दरबारातल्या पदव्या आणि लष्करी हुद्दे हा त्याचा विषय. अमेरिकेतल्या ट्रॉय शहराच्या मराठी मंडळात बाकी बहुतेक इंजिनियर. "तुला नोकरी कोण देणार यार? बादशहा?" नंदू विचारायचा. त्र्यंबक त्यालाही गंभीरपणे उत्तर द्यायचा. थट्टा त्याला कळतच नसे.

तो मंडळातल्याच पुरुषोत्तमकाका आणि पद्मिनीकाकूंच्या बेसमेंटमध्ये राहायचा. त्यांना मूल नव्हतं. कोणी विषय काढला की काकू उठून चहा टाकायच्या. काका कामावर जाताना त्र्यंबकला युनिव्हर्सिटीत सोडायचे.

शहाऐंशीच्या संक्रांतीला मंडळाने शाळेच्या हॉलमध्ये फिशपाँड ठेवले, कॉलेजच्या गॅदरिंगला असायचे तसे. या खेपेला ते त्र्यंबकने लिहिले. प्रत्येकाला एक दरबारी हुद्दा. बर्फात सगळ्यांच्या गाड्या लावून देणारा नंदू 'स्ट्रॅटेगोस', म्हणजे सेनापती. जेवणाच्या रांगेत कायम पहिला असणारा प्रताप बादशहाच्या पंगतीचा अधिकारी. हॉल हसत होता. त्र्यंबकला इतकं खूश मी कधी पाहिलं नव्हतं.

सर्वांत मोठा मान त्याने काकांसाठी राखून ठेवला होता. 'पराकिमोमेनोस.' काका लाजत उठून उभे राहिले.

"अर्थ सांग की," नंदू ओरडला.

"बादशहाच्या खोलीत, त्याच्या जवळ झोपणारा. सर्वांत विश्वासाचा माणूस." इथे थांबायला हवं होतं. पण अर्धवट माहिती देणं त्याला जमत नसे. "हे पद बहुधा खोज्यांना देत. मूलबाळ होणार नाही, म्हणजे गादीचा लोभही..."

माइक चालूच होता. काका अजून उभे होते. कोणीतरी उगाच तिळगूळ वाटायला घेतला.

परतताना काका मलाही घरी सोडणार होते; मी त्यांच्या गाडीत त्र्यंबकशेजारी, मागे बसले होते. काकूंनी मागे न बघता विचारलं, "लिहिताना हे माहीत होतं तुला?"

"हो काकू. पण मला त्यातला मानच दिसला."

"आणि आम्ही?"



"असू दे," काका म्हणाले. "पोरगं आहे."

जा असं त्याला कोणीच म्हटलं नाही. पण त्याला त्या घरात वर मान करून जेवता येईना. महिना संपायच्या आत त्याने युनिव्हर्सिटीजवळ खोली घेतली. सामान काकांनीच पोचवलं. मी मदतीला होते. त्र्यंबक त्यांच्या पाया पडायला वाकला आणि तसाच राहिला.

"ऊठ बाबा," काका म्हणाले. "मला ऑफिसला उशीर होतोय."

त्या दिवशी रविवार होता.