हात हलवून बघायचा

आमच्या घराण्यातलं सगळं धाडस माझ्या धाकट्या नणंदेच्या वाट्याला गेलं. आम्ही बाकीचे झुरळ दिसलं तरी खुर्चीवर चढतो, आणि ही बया अग्निशमन दलात. धुराने भरलेल्या घरात शिरून माणसं शोधणं हे तिचं काम. तिला अंधारात दिसतं म्हणून सहकारी तिला मनीमाऊ म्हणतात. चिडवायचं असलं की मी तिला वन्सं म्हणते. सासूबाईंना तिची नोकरीही नापसंत आणि टोपणनावही. "आगीत जाणारी मांजर कुणी पाहिली आहे का?" असं म्हणायच्या, आणि लेक ड्यूटीवर निघाली की मुद्दाम पाठ फिरवून बसायच्या. निरोपाला दारापर्यंत कधी आल्या नाहीत.

अंधारात दिसण्याचं गुपित कळलं ते अग्निशमन केंद्रावर घरच्यांना बोलावलं होतं त्या दिवशी. नणंदेने आम्हाला एका बंद खोलीत नेलं, दिवा घालवला आणि मूठ असलेला डब्याएवढा कॅमेरा समोर धरला. पडद्यावर सासूबाई लख्ख उजळल्या. गाल पांढरे, नाकाचा शेंडा करडा, आणि चष्म्याच्या काचा काळ्याकुट्ट. मी भिंतीवर पंजा टेकवून काढून घेतला, तरी पडद्यावर तो भिंतीवर तसाच चमकत राहिला आणि सावकाश विझला. आपण जिथे टेकतो तिथे थोडे मागे उरतो, हे इतक्या वर्षांत मला कुणी सांगितलंच नव्हतं.

"प्रत्येक वस्तू आपापल्या उष्णतेप्रमाणे एक उजेड टाकत असते, इन्फ्रारेड," नणंद म्हणाली. "आपल्या डोळ्यांना तो दिसत नाही, याला दिसतो. धूरही त्याला फारसा अडवत नाही."

"म्हणजे भिंतीपलीकडचंही दिसतं?" मी विचारलं.

"छे गं वहिनी. साध्या काचेपलीकडचंही दिसत नाही."

तेवढ्यात सासूबाई पडद्याकडे बघून दचकल्या. "अगं, ती कोण उभी आहे तिथे?"

"तूच आहेस, आई. समोर स्टीलचं कपाट आहे ना? चकचकीत पत्रा आपलीच ऊब आपल्याला परत दाखवतो. नवीन माणसं हटकून फसतात. म्हणून आमची रीत आहे, आकृती दिसली की आधी हात हलवून बघायचा. तिनेही हलवला तर ते आपणच."

"म्हणजे स्वतःलाच वाचवायला निघालेले असतात," सासूबाई म्हणाल्या, आणि त्या दिवशी पहिल्यांदा लेकीच्या नोकरीवर खळखळून हसल्या.

पुढे काही महिन्यांनी आमच्याच घराला आग लागली. भर दुपारी बाहेरच्या खोलीतला एसी पेटला. मी कामावर होते, सासूबाई एकट्या आत झोपलेल्या. शेजारणीचा फोन येताच मी धावत आले, तर खिडक्यांतून काळा धूर लोटत होता आणि बंब दारात उभा होता. सासूबाई बाहेर आल्या नव्हत्या. बंबावर नणंद होती. तिच्या साहेबांनी तिला अडवलं नाही, कारण त्या घराचा कोपरा न् कोपरा तिच्याइतका कुणाला ठाऊक असणार? ती मास्क चढवून एका जोडीदाराबरोबर आत गेली. मी रस्त्यावर उभी राहून देवाला नको नको ती आश्वासनं देत होते.

आत काय झालं ते तिने मला नंतर सांगितलं. आईची खाट रिकामी होती. न्हाणीघर रिकामं. स्वयंपाकघरात कॅमेरा फिरवला तर समोर एक आकृती. तिने हात हलवला. आकृतीनेही हलवला. ते फ्रिजचं स्टीलचं दार होतं. ती वळणार, इतक्यात तिला त्या दारात आपल्या पायांमागे आणखी काहीतरी दिसलं. लहानसं, पांढुरकं, गुडघ्यांत डोकं घातलेलं. तिने पुन्हा हात हलवला. ते हललं नाही.

आई तिच्या मागे, स्वयंपाकघराच्या दाराआडच्या कोपऱ्यात होती. नणंद नुकतीच तिच्या जवळूनच आत आली होती.

सासूबाईंना बाहेर आणलं तेव्हा श्वास चालू होता, पण शुद्ध नव्हती. त्या शुद्धीवर येईपर्यंत धुराने मेंदूला किती इजा केली ते सांगता येणार नाही, असं डॉक्टर म्हणाले. आम्हाला आत सोडत नव्हते. अतिदक्षता विभागाच्या काचेबाहेर आम्ही दोघी ताटकळत राहिलो. नणंदेच्या कानामागे अजून काजळी होती. आगीत बेधडक शिरणारी ही मुलगी एका काचेपुढे अडून राहिली होती, आणि मला तिची थट्टा सुचत नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी नर्सने सासूबाईंची मान आमच्याकडे वळवली. डोळे उघडे होते, पण ओळख दिसेना. तोंडावर ऑक्सिजनचा मास्क. हाक मारावी तर मध्ये काच. नणंदेने काय केलं असेल? तिने हात वर करून हलवला. काचेत तिच्या पुसटशा प्रतिबिंबानेही हलवला. बाकी काहीच हललं नाही. तिने पुन्हा हलवला.

मग प्रतिबिंबाच्या पलीकडे, चादरीवरून, सुई टोचलेला एक हात थरथरत वर आला.

नणंदेने माझा दंड घट्ट धरला. "वहिनी, तो माझा नाही ना गं?"

"नाही," मी म्हटलं. "तो आईंचा आहे."