संकल्पातला गुप्त शब्द

३ एप्रिल १९९९. दोन जीव : विद्युल्लता आणि तिची मुलगी.

दोघी मंगला गौरीच्या देवळाजवळ विद्युल्लतेच्या दिराच्या, मोहनगुरुजींच्या घरी राहत. नवरा गेल्यापासून तिच्या नावाचे प्रत्येक पाकीट आधी दीर फोडत. नाशिकच्या एका शाळेत संगीतशिक्षिकेच्या जागेसाठी तिला अर्ज करायचा होता. उत्तर कुठे मागवायचे, एवढाच प्रश्न होता. तो तिने ओळखीच्या श्रीनिवासरावांपुढे ठेवला. ते विद्यापीठात समाजशास्त्र शिकवत आणि त्या वर्षी खासगीपणाच्या हक्कावर बोलू लागले की थांबत नसत.

“माझ्या ई-मेलवर मागवा,” ते म्हणाले. “तिथं पोस्टमन नाही, पाकीट नाही. गुप्त शब्दाशिवाय ब्रह्मदेवही आत शिरणार नाही.”

चौकातल्या कम्प्यूटर सेंटरमधून त्याच दिवशी दोघांनी अर्ज पाठवला.

गुप्त शब्द निवडताना श्रीनिवासरावांनी तत्त्वचिंतन केले होते. पत्नीचे नाव कोणीही ओळखेल, जन्मतारीख बाळबोध. गोत्र मात्र कोणाला सुचणार? जातिव्यवस्थेविरुद्ध त्यांनी इतके लिहिले होते की आपले गोत्र त्यांना स्वतःलाही क्वचितच आठवे. मृत रूढीचा हा आधुनिक उपयोग त्यांना एवढा आवडला की महाराष्ट्र मंडळातल्या व्याख्यानात ई-मेलचा पत्ता फळ्यावर लिहून ते बोलून गेले, “माझा गुप्त शब्द संगणकाहून हजारो वर्षांनी जुना आहे!” टाळ्या पडल्या. पहिल्या रांगेत मोहनगुरुजीही टाळ्या वाजवत होते.

मे महिन्यात शाळेने कळवले : आपला नकार मिळाला, जागा दुसऱ्या बाईंना दिली. नेमणुकीचे पत्र श्रीनिवासरावांनी पाहिलेच नव्हते, आणि नकार तर त्यांच्याच पत्त्यावरून गेला होता. त्यांनी खुलासा पाठवला. शाळेने खेद व्यक्त केला. मग चोर कोण, याचा त्यांनी शास्त्रशुद्ध विचार केला. आधी सेंटरवाल्यावर संशय घेतला, नंतर परदेशातल्या तरबेज टोळीवर. आपल्या टपालात आंतरराष्ट्रीय टोळीला रस असावा, ही कल्पना त्यांना दुःखातही किंचित सुखावून गेली.

वडिलांच्या श्राद्धाला ते संकठा घाटावर बसले. संकल्प सांगायला दरवर्षीप्रमाणे मोहनगुरुजी.

“गोत्र म्हणा.”

“कौंडिण्य,” श्रीनिवासराव पुटपुटले. सेंटरमध्ये तो शब्द कळफलकावर टाइप करताना इकडेतिकडे पाहायची सवय लागली होती, तसेच आताही त्यांनी पाहिले.

“जरा जोरसे, प्रोफेसरसाहेब! आता कोणापासून लपवताय?”

ओंजळीतले तिळाचे पाणी धोतरावर सांडले.

“म्हणजे तुम्ही? गुरुजी, दुसऱ्याचं टपाल—”

“दुसऱ्याचं कसं? आमच्या घरची सून आहे ती. तुमच्याबरोबर सेंटरमध्ये जाताना चौकानं पाहिली. एकटी नाशिकला जाऊन राहील? आणि कुलूप तुम्ही लावलंत साहेब, पण किल्ली दरसाल मीच तुमच्या तोंडून म्हणवून घेतो. चला, आचमन करा. पितर ताटकळलेत.”

आणि खासगीपणाच्या हक्काच्या त्या अभ्यासकाने निमूटपणे आचमन केले.

संध्याकाळी त्यांनी विद्युल्लतेला सगळे सांगितले.

“पाकीट फोडलेलं निदान दिसलं तरी असतं, सर.”

“आता नवा शब्द ठेवलाय. कोणालाही ओळखता येणार नाही असा. तो म्हणजे—”

“सांगू नका,” ती म्हणाली.

श्रीनिवासरावांचा खासगीपणाच्या हक्कावरचा लेख ऑगस्टमध्ये छापून आला. त्यात हा प्रसंग नाही. विद्युल्लता आणि तिची मुलगी मोहनगुरुजींच्याच घरी आहेत. नाशिकची ती जागा श्रीनिवासराव तिला देणे लागतात. ते फिटलेले नाही.