वाटीखालची काकडी

पोटुशी बाई दिसली की तिच्या तोंडात गोड कोंबायचं, हे कोणी शिकवलं तुम्हाला? आधी ते सांगा... बाकीचं मग. बरं, ग्रुपवरच्या सगळ्यांना जय भीम.

मागच्या महिन्यात आमच्या कामरगावच्या घरी नातीचं, पल्लवीचं, डोहाळजेवण झालं. वाशिमच्या डॉक्टरीणबाईंनी आधीच बजावलं होतं... वजन फार आहे, रक्तात साखर आहे, गोड बंद. आईची साखर चढली की पोटातलं लेकरूही फुगतं, अन् पुढं त्याच्याही मागं तेच लागू शकतं.

हीच पल्लवी लहान होती तेव्हा गुटगुटीत म्हणून अख्ख्या गल्लीनं गाल ओढले, बिस्किटाचे पुडे दिले. शाळेत जायला लागली तर त्याच तोंडांनी ढोली म्हटलं. आता तिच्या पोटातल्याची पाळी...

डोहाळजेवणात दोन वाट्या पालथ्या ठेवतात ना, एकीखाली पेढा, एकीखाली बर्फी. पेढा निघाला तर पोरगा. मी गुपचूप दोन्हींखाली काकडी ठेवली.

पल्लवीनं वाटी उचलली अन् खदखदून हसली. "आजी, काकडी निघाली तं काय होते वं?"

"लेकरू होते. धडधाकट."

तिची सासू, आमच्या विहीणबाई, ताडकन उठल्या. "आमच्या सुनेले उपाशी ठेवून राह्यल्या काय तुमी? दोन जिवाची हाये ते!" पिशवीतून डबा काढला अन् स्वतःच्या हातानं पेढा भरवला.

पल्लवीचं हसू तिथंच गेलं. माझ्याकडं पाहिलं... अन् गिळला. मग बायकांची रांगच लागली. टाळ्या काय, व्हिडिओ काय.

एका पेढ्यानं काही होत नाही, हे मलाही कळतं. पण त्या दिवसापासून पथ्याचं नाव काढलं की मी खडूस म्हातारी. आज एकीकडं तिला गोडाधोडाचं जेवण, उद्या दुसरीकडं...

काल तपासणी झाली. साखर आणखी चढली. आता रोज मांडीत सुई घ्यायची. सकाळी पोर सुई हातात धरून नुसती बसून राहिली, टोचवेना.

विहीणबाई, व्हिडिओत पेढा भरवणारा तुमचा हात फार छान दिसतो. उद्या तोच हात घेऊन या, सुई टोचायची आहे. येता की नाही, खाली लिहा. उत्तर फक्त विहीणबाईंनीच द्यायचं... बाकीच्यांनी बदाम अन् फुलं पाठवू नका.