काळ्या डोंगराखालचा बंधारा

“फोडायचा? काहून फोडायचा?” नाईक बंधाऱ्यावर उभे राहून मला विचारत होते. नाईक म्हणजे तांड्याचे प्रमुख. मी जलसंधारणाची इंजिनिअर. तुमचा बंधारा तुम्हीच फोडा, हे सांगायला मी सेनगावहून जीपनं तिथवर गेले होते.

त्यांचा राग रास्त होता. रिकाम्या गोण्यांत माती भरून तांड्यानं श्रमदानानं तो नाल्यावर घातला होता. पहिल्या पावसाचं पाणी तिथं थांबायचं आणि शेजारच्या पिण्याच्या विहिरीत पाझरायचं.

“तुमीच शाळेच्या भिंतीवर लिवलं, पाणी अडवा, पाणी जिरवा. आता तुमीच म्हनता सोडा?”

यंदा गोष्ट वेगळी होती. गवत जाळलं की नवं जोमानं येतं, या समजुतीनं उन्हाळ्यात कुणीतरी काडी लावली आणि वाऱ्यानं वरचा अख्खा उतार काळा केला. कुणी लावली ते सगळ्यांना माहीत होतं आणि विचारलं की कुणालाच माहीत नव्हतं.

जळालेल्या उतारावर पाणी धरायला गवत नसतं, पाचोळा नसतो. राखेनं मातीची तोंडं बुजतात. पाणी मुरायचं सोडून राख, माती, दगड घेऊन धावत सुटतं. ते बंधाऱ्यामागे तुंबून गोण्या एकदम फुटल्या असत्या, तर खाली नाल्याच्या वळणावर शांताबाईचं घर होतं. घरात म्हातारी शांताबाई, सून आणि दोन लेकरं.

मी साहेबांना फोन लावला.

“बंधारा बांधायला योजना आहे. फोडायला कोणत्या योजनेत बसवू?”

“मग मी काय करू, सर?”

“समजावून सांगा.”

हा सल्ला आमच्याकडे फुकट मिळतो.

नाईकांना घेऊन डोंगर चढले. बाटलीतलं पाणी आधी न जळलेल्या झाडाखाली ओतलं. मातीनं ते पिऊन टाकलं. मग काळ्या जमिनीवर ओतलं, तर पाणी राख अंगाला लावून घरंगळत खाली गेलं. नाईकांनी उकिडवं बसून राखेखाली बोट घातलं. माती कोरडी ठणठणीत.

“हीर भरली न्हाई तं तांडा मला जोड्यानं हानंल, म्याडम.”

“आणि शांताबाईचं घर गेलं तर?”

नाईकांनी बोटाची राख धोतराला पुसली. उतरताना एवढंच म्हणाले, “उद्या मानसं लावतो.”

बंधारा मोकळा झाला. त्याच गोण्या आम्ही शांताबाईच्या भिंतीला आडव्या रचल्या. रस्त्याखालच्या मोरीत अडकलेली झुडपं काढली. मला मात्र धाकधूक होती. पाऊस साधाच पडला असता, तर तांड्याचं पाणी मीच घालवलं असं झालं असतं.

साधा पडला नाही. भर दुपारी डोंगरावर ढग फुटल्यासारखा कोसळला. नाला काळाकुट्ट, ओंडके घेऊन आला, गोण्यांना घासून मोरीतून निघून गेला. शांताबाईच्या अंगणात गुडघाभर गाळ साचला. घर जागेवर राहिलं. मी जीपमध्ये बसून चक्क रडले.

विहीर मात्र त्या पावसात भरली नाही. पुढचे पाऊस होईपर्यंत बायांनी लांबच्या शेतातल्या विहिरीवरून पाणी वाहिलं. तेवढे दिवस नाईक माझ्याशी तुटकच बोलले.

साहेबांनी कामाचा फोटो मागितला. मी गाळ काढून दारात बसलेल्या शांताबाईचा पाठवला.

“यात काम कुठंय?”

“ती बसलीय ना सर, तेच.”

पाणी अडवलं की फोटो निघतो. घर वाचलं की नुसतं घर दिसतं.