एका गळावर दोन चिलटं

हॅम्लिनच्या ओढ्यावर आमच्या मासेमारी मंडळाचा एक नियम आहे: ज्याची गाठ, त्याचा मासा. गळाला दोरा बांधायचा तो काठावर, सगळ्यांसमोर. नवऱ्याने बायकोला बांधून दिला, तर ट्राउट मासा नवऱ्याच्या नावावर.

व्हर्ना हॉस्टेटरने हा नियम चाळीस वर्षं पाळला. मग संधिवाताने तिची बोटं आल्याच्या गड्ड्यासारखी वाकडी केली. ऑक्टोबरात ट्राउट चिलटं खायला वर येतो, म्हणून आम्ही दोऱ्याला पिसांच्या दोन खोट्या माश्या बांधतो, प्रत्येकीचा गळ वेगळा. आपल्याला दिसावी म्हणून एक पांढरी, माशाने खावी म्हणून मागे एक बारीक काळी. त्याला तीन गाठी लागतात. व्हर्नाला एक जमली तरी खूप.

"आण इकडे, मी बांधतो," मी गेल्या वर्षी म्हणालो.

"आणि मासाही तूच ने घरी! हो बाजूला."

त्या वर्षी ती रिकाम्या हातानेच परतली. मला फार वाईट वाटलं, पण तिच्यासमोर ते दाखवायची माझी छाती नव्हती.

यंदा तिने डबी उघडली, तर एकाच गळावर दोन्ही माश्या! पुढे पांढरी, मागे काळी, शेपटीला शेपटी. घरी टेबलावरच्या पकडीत गळ घट्ट बसतो, त्यावर पीस गुंडाळायला वाकडी बोटंही चालतात. आता काठावर गाठ एकच.

मंडळाचा अध्यक्ष लॉइड ब्रूबेकर याने नाक मुरडलं. "असला किडा देवाने केलेला नाही, व्हर्ना. यंदा तू सँडविच सांभाळ."

"सँडविच तू सांभाळ. पोट तुझं मोठं आहे."

तिने त्याला बाही धरून पुलापाशी नेलं. कठड्यातलं कोळ्याचं जाळं आम्ही सगळेच सकाळी बघतो. पाण्यावर काय उडतंय ते तिथे कळतं. जाळ्यात चिलटं अडकली होती, जोडीजोडीने, शेपटीला शेपटी.

"अशीच पडतात पाण्यात मेली," व्हर्ना म्हणाली. "चाळीस वर्षं जाळं बघतोस, की नुसता कोळी?"

 मग ती गाठ मारायला बसली. समोर ट्राउट वर येत होते आणि सगळे आपापले गळ टाकायचे सोडून तिच्याकडेच बघत होते. दोरा तीनदा निसटला. तिने एक कचकचीत शिवी हासडली, दोरा दातात धरला, थुंकी लावली आणि ओढला. वीस मिनिटं गेली. माझे हात शिवशिवत होते. मी ते खिशात कोंबले.

चौथ्या फेकीला पांढरा ठिपका बुडाला. हातभर लांबीचा ट्राउट जाळीत आला.

वहीत नाव लिहिण्याआधी अध्यक्षाने गाठ तपासायची असते. लॉइडने ओढून पाहिली. हिसका दिला. गाठ जागची हलली नाही.

"अजून ओढ," व्हर्ना म्हणाली. "माझी आहे ती."