चावडीवरची बाज
आमच्या अक्कावर, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीवर, अन्याय झाला तो ज्वारीच्या काढणीत, पोटुशी असताना सातव्या महिन्यात ती माहेरी आली होती तेव्हा. ओल्या अंबाडीच्या दोरीचा वास आला की मला ती दुपार आठवते. भुईवर निजू नको, डाव्या कुशीवर नीज, असं सुईणीनं तिला बजावलं होतं, म्हणून आमच्या वडिलांनी, अप्पांनी, दोरी भिजवून तिच्यासाठी बाज घट्ट विणली होती. महसूल तपासायला दौऱ्यावर आलेल्या सरकारी गिरदावराला चावडीत आडवं व्हायचं होतं, म्हणून शिपाई आला आणि न विचारता तीच बाज उचलून घेऊन गेला. वेठ म्हणजे अशीच असते, माणूस असो की वस्तू, सरकारनं फुकट उचलायची. अक्का कमरेवर हात ठेवून सावकाश त्याच्यामागं गेली आणि चावडीत बाज टेकताच तिच्यावर डाव्या कुशीला निजली. "अक्का, उठा की, साहेब यायलेत," शिपाई काकुळतीला आला. "यिऊ दे. घरात भुईवर इच्चू निघायलेत," ती पडल्या पडल्या म्हणाली, "तुझ्या साहेबाला कितवा म्हैना लागलाय, इचार त्याला." ओट्यावरची माणसं हसली. गिरदावरानं येऊन "उठाव इसकू" म्हणून फर्मावलं, पण पोटुशीला हात लावायला कुणी पुढं झालं नाही. शेवटी तो घोड्यावर बसून पुढच्या गावाला गेला, आणि अक्का उन्हं उतरेपर्यंत तिथंच गाढ झोपली. आज मी वेठीविरुद्ध सांगत गावोगाव फिरतो, तर बाजा अजून चावडीवर चालल्यात. तुमच्या घरातली पोटुशी कुठं निजते ते आधी बघा, आणि शिपाई दारात आला की बाज देऊ नका.